नऊचा डिरेलर

हे लिहून ठेवायचं नाही, असं सोमनाथनं जवळजवळ ठरवलंच होतं. एक तर यात त्याची फजिती आहे. दुसरं म्हणजे, मुझफ्फरला आवडेल की नाही ते माहीत नव्हतं. पण परवा सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, माझ्या सायकलला मागे दहा गिअर आहेत, तर दहाचाच डिरेलर घेतला की बसेल ना? खाली पटापट अंगठे पडले. बसेल, बिनधास्त घे. सोमनाथनं ते सगळे अंगठे मोजले. मग लिहायला लागला. ‘मी’ लिहायला बोट रेटेना, म्हणून सोमनाथच लिहिलं.

तर सोमनाथ.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो ठेकेदाराच्या हाताखाली इलेक्ट्रिशियनचं काम करतो. सायकल दुरुस्ती त्याला कुणी शिकवली नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, आपलीच सायकल खोलायची, परत जोडायची, एखादा नट उरला की पुन्हा खोलायची. असं करत करत हात बसला. मग ग्रुपातले लोक आपापल्या सायकली घेऊन त्याच्या गॅलरीत यायला लागले. गिअर नीट पडत नाही, ब्रेक घासतोय, बघ ना जरा. लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. उगाच खोटं कशाला बोला.

मुझफ्फर त्याचा दोस्त. मूळचा मालेगावचा. घरी अब्बांचे यंत्रमाग, पण याला त्या खडखडाटात राहायचं नव्हतं, म्हणून नाशिकरोडला पडद्याच्या कापडाचं दुकान टाकलं. सोमनाथ तिथे पडदे घ्यायला गेला होता. दुकानाबाहेर लावलेली सायकल बघितली आणि पडदे विसरला. ते पडदे आजपर्यंत घेतलेले नाहीत. तेव्हापासून तो मुझफ्फरला मुज्जू म्हणतो आणि मुज्जू त्याला सोम्या. दर रविवारी उजाडता उजाडता दोघं निघायचे. आडगाव, ओझर, पिंपळगाव, आणि अंगात दम असला की थेट चांदवड. त्याच्याही पुढे राहुड घाट. घाट आधी उतरायचा आणि मग तोच चढून परत यायचं. खरी मजा त्या चढात, असं सोमनाथ सगळ्यांना सांगायचा.

गेल्या वर्षी मुज्जूची स्कूटर खडीवरून घसरली आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं, मग महिनोन् महिने व्यायाम. डॉक्टर म्हणाले, सायकल चालव, चांगलीच आहे, पण जोर लावायचा नाही. हलका गिअर टाकायचा आणि पाय नुसते फिरवायचे. आता अडचण अशी, की मुज्जूच्या सायकलला तेवढा हलका गिअरच नव्हता. ती रस्त्यावर पळवायची सायकल. मागच्या चाकावर दहा चकत्या, त्यातली सगळ्यात मोठी अठ्ठावीस दातांची. चढाला मागची चकती जेवढी मोठी, तेवढा पाय हलका पडतो. अठ्ठावीसवर सपाट रस्ता छान जातो, चढाला मात्र गुडघा बोलायला लागतो.

ऑपरेशननंतर मुज्जू दोनदा आला आणि दोन्ही वेळा मधूनच परत फिरला. मग एका सोमवारी दुकानात कापड मोजता मोजता त्यानं सहज सांगितलं, की सायकल विकतोय. इंदिरानगरचा एक पोरगा रविवारी बघायला येणार आहे.

सोमनाथनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. तो म्हणाला, रविवारपर्यंत थांब, मी तुला मागे चौतीसची चकती बसवून देतो, लोण्यासारखा चढशील. मुज्जूनं कापडाची घडी घातली, कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, “बसव.”

तो ज्या आवाजात ‘बसव’ म्हणाला, तो आवाज सोमनाथनं ऐकला नाही. त्याचं डोकं तोवर चकत्यांकडे गेलं होतं.

चौतीसची चकती नुसती बसवून भागत नाही. मागच्या चाकाजवळ एक छोटा हात लोंबकळत असतो, त्याला डिरेलर म्हणतात. हँडलजवळचा खटका दाबला की तार ओढली जाते, तार त्या हाताला ओढते, आणि तो चेन एका चकतीवरून पुढच्या चकतीवर सारतो. मुज्जूच्या सायकलचा हा हात आखूड होता. चौतीसपर्यंत पोचला नसता आणि लांब चेन ताणून धरायलाही कमी पडला असता. म्हणजे नवा डिरेलर आला.

दुकानात एक डिरेलर मिळाला, त्याच्या सोमनाथनं तीन गोष्टी बघितल्या. एक, चौतीसपर्यंत पोचतो का? पोचतो, उलट छत्तीसपर्यंत जातो. दोन, हात लांब आहे का? आहे. तीन, मागे गिअर किती? डिरेलरवर ठसठशीत दहा लिहिलेलं. सायकलला दहा, याला दहा, कंपनी एकच. डोंगरातल्या सायकलचा होता, पण त्यानं काय बिघडतं, उलट मजबूत. ग्रुपवर फोटो टाकला तर सगळ्यांनी अंगठे दिले, आणि एकानं तर लिहिलं, डॉक्टरांना काय विचारायचं.

बुधवारी संध्याकाळी त्यानं नवी कॅसेट, म्हणजे मागच्या दहा चकत्यांचा जुडगा, लांब चेन आणि नवा डिरेलर बसवला. स्टँडवर चाक हातानं फिरवलं तर चेन थोडी कुरकुरत होती. त्याला वाटलं, नवीन आहे, बसेल जागेवर.

गुरुवारी सकाळी दोघं पांडवलेणीच्या बाजूला गेले. चढ लागला. मुज्जूनं खटका दाबला, काही झालं नाही. पुन्हा दाबला, चेन कडकड वाजली आणि दोन चकत्यांच्या मधेच अडकून राहिली. सोमनाथ मागून ओरडून सांगत होता, अजून एक दाब, अजून एक. मुज्जूनं दाबला, जरा जोर लावला, आणि चेन सटकन खालच्या चकतीवर घसरली. पाय मोकळा सुटला आणि गुडघ्याला जो झटका बसला, तो सोमनाथला मागूनही दिसला.

मुज्जू सायकल आडवी टाकून कडेला बसला. दोन्ही हातांनी गुडघा धरून.  सोमनाथ डिरेलरच्या स्क्रूला हात घालायला वाकला, तेव्हा तो म्हणाला, “राहू दे सोम्या. रविवारी जाऊ दे तिला.”

सायकल मात्र त्यानं सोमनाथकडेच ठेवली. गिऱ्हाईकासमोर गिअर तरी पडले पाहिजेत, म्हणाला. जुनंच सामान परत लाव.

त्या दिवशी दुपारची पाळी होती. सोमनाथनं ती दुसऱ्याला दिली आणि गॅलरीत बसला. जुनं सामान समोर ठेवलं होतं, पण लावायला हात होईना. आपलं चुकलं कुठं, हे कळल्याशिवाय जेवण जाणार नव्हतं.

त्यानं व्हिडिओ बंद केले आणि शाळेतली मोजपट्टी घेतली. खटका एकदा दाबला, डिरेलर किती सरकला ते मोजलं. पावणेतीन मिलिमीटर. मग चकत्यांमधलं अंतर मोजलं. जवळजवळ चार. त्यानं जुना आखूड डिरेलर लावून बघितला, तर तो त्याच खटक्याला बरोबर चार सरकत होता. तार तेवढीच ओढली जात होती. जुना त्या ओढीचं एक अख्खं पाऊल टाकायचा, नवा पाऊणच टाकत होता. म्हणून तीन खटक्यांना कशाबशा दोन चकत्या.

मग तो वाचत बसला. इंग्रजी वाचायला त्याला वेळ लागतो, पण लागला तर लागला. कंपनीनं डोंगरी सायकलींचे दहा गिअरवाले डिरेलर काढले तेव्हा तारेचं गणितच बदललं होतं. खटका जास्त तार ओढणार, डिरेलर कमी सरकणार. एकमेकांशी त्यांचं जमतं, पण रस्त्याच्या सायकलचा खटका त्यांच्याशी जुळत नाही. आणि त्याच्या आधीचा डोंगरी डिरेलर, नऊ गिअरवाला, तो मात्र जुन्याच गणितानं चालतो. चकत्या किती, हे डिरेलरला कळतच नाही. त्याला तार ओढली की किती सरकायचं एवढंच माहीत. म्हणजे मुज्जूच्या दहा गिअरला दहाचा चालणार नव्हता आणि नऊचा चालणार होता.

सोमनाथनं डोक्याला हात लावला. नंबराला नंबर जुळवला आणि त्यालाच अक्कल समजून बसला.

शहरातल्या दुकानांत फोन केले. नऊचा लांब हाताचा, चौतीसला पोचणारा? मागवून देऊ, आठवडा लागेल. आठवडा नव्हता.

तेव्हा त्याला कारभारीआप्पांच्या कांद्याच्या चाळीतली सायकल आठवली.

चांदवडच्या अलीकडे आप्पांची वस्ती आहे. एकदा पंक्चर काढायला सावली शोधत दोघं त्यांच्या अंगणात शिरले होते. तेव्हापासून दर वेळी पाणी प्यायला थांबणं ठरलेलं. आप्पांची बायको लंकाबाई. ती मुज्जूसाठी दाण्याची चटणी बांधून ठेवायची, सोमनाथला विचारायचीही नाही. त्यांची मुलगी हर्षाली कॉलेजला असताना डोंगरी सायकल चालवायची. आता ती संभाजीनगरला हॉस्पिटलात नर्स आहे, आणि सायकल चाळीच्या आढ्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून टांगलेली. मागे नऊ गिअर. सोमनाथनं ते कधीतरी मोजलेलं होतं, त्याला सवयच ती.

शुक्रवारी पाळी संपवून तो मोटरसायकलवर चांदवडला गेला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चाळीत नेलं, लुगडं बाजूला सारून सायकल दाखवली, आणि सोमनाथनं खिशातून पाना काढल्यावर त्याचा हात धरला.

“पोरीची वस्तू हाय ती,” आप्पा म्हणाले. “तिला इचारल्याबिगर नट बी ढिला व्हायचा नाय.”

हर्षालीला फोन लागला. सोमनाथनं सगळं सांगितलं, गुडघा, चौतीसची चकती, तारेचं गणित.  डिरेलरबद्दल ती काही विचारेल असं त्याला वाटलं होतं, आणि त्याची उत्तरंही तयार होती.

तिनं विचारलं, “सोमनाथदादा, तुम्ही इथं आलाय हे मुझफ्फरभाईंना माहितीय का?”

तो म्हणाला, नाही, सरप्राइज देणार आहे.

“त्यांना सायकल चालवायची आहे, की तुम्हाला ती त्यांच्याकडून चालवून घ्यायची आहे?” ती तशी साध्या आवाजातच बोलत होती, पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तशी. “त्यांना घेऊन या. त्यांनी स्वतः मागितला तर काढून न्या. आणि माझी सायकल लंगडी ठेवायची नाही, तिला काहीतरी लावून जायचं.”

लंकाबाईनं त्याला भाकरी वाढली.  तिनं एवढंच विचारलं, की मुज्जू कसा हाय, लय दिवस झाले. आणि सोमनाथच्या लक्षात आलं, की गुरुवारपासून आपण मुज्जूला एक फोनही केलेला नाही. गुडघा कसा आहे एवढं विचारायलाही नाही. डिरेलर मात्र चार वेळा खोलून बसवला होता.

रिकाम्या हातानं परत येताना तो सरळ मुज्जूच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक नव्हतं. मुज्जू पडद्यांना कड्या लावत बसला होता, उजवा पाय दुसऱ्या स्टुलावर. सोमनाथनं आधी गुडघ्याचं विचारलं. सूज उतरलीय, मुज्जू म्हणाला. मग सोमनाथनं बाकीचं सगळं सांगितलं. दहाचं चुकलं कसं, नऊचा मिळतोय कुठं, हर्षाली काय म्हणाली. काही लपवलं नाही.

मुज्जूनं हातातल्या सगळ्या कड्या आधी लावून घेतल्या.

“गुडघा दुखतो, खरंय,” तो म्हणाला. “पण गुडघ्यापायी नाही विकत मी.”

“मग?”

“तू वर उभा असतो यार.” त्यानं पडदा बाजूला ठेवला. “प्रत्येक चढाला. मी पोचेपर्यंत तुझं पाणी पिऊन झालेलं असतं, फोटो काढून झालेले असतात. मी आलो की म्हणतो, आलास का, चल निघू. तुझी विश्रांती झालेली असते. माझी कधी होणार? इतक्या वर्षांत चढ चढून वर बसलोय असं एकदा झालं नाही.”

सोमनाथला वाटलं, काहीतरी बोलावं. हसण्यावारी न्यावं. पण ते खरं होतं, शब्द न् शब्द. वर उभं राहून तो मुज्जूचे व्हिडिओसुद्धा काढायचा. कमॉन मुज्जू, थोडंच राहिलं. ग्रुपवर टाकायचा. त्याला वाटायचं, आपण दोस्ताचा उत्साह वाढवतोय.

“अपघाताच्या आधीपण होतं हे,” मुज्जू म्हणाला. “तेव्हा पाय चांगला होता, खपून गेलं.”

बाहेर रिक्षांचा गोंगाट चालू होता. मुज्जूच म्हणाला, की आप्पांकडे मात्र गेलं पाहिजे. त्या पोरीनं बोलावलंय, तर नाही म्हणायला तरी आपण होऊन जावं. लंकाबाईंना भेटून खूप दिवस झाले.

नाही म्हणायला जायचं होतं, तरी सायकल बरोबर घेऊ, असं सोमनाथ भीत भीत म्हणाला. मुज्जूनं खांदे उडवले. घे.

शनिवारी सकाळी नाशिकच्या बाजारातून एक कांद्याचा पिकअप रिकामा परत चालला होता, आप्पांच्या भावकीतला. त्याच्या मागच्या हौद्यात मुज्जूची सायकल बांधली. एवढ्या महागाची सायकल कांद्याच्या सालपटांत उभी बघून ड्रायव्हर हसत होता. मुज्जू पुढे ड्रायव्हरजवळ बसला, सोमनाथ मागे सायकल धरून. वस्तीवर उतरला तेव्हा त्याच्या केसांत, कॉलरमध्ये, कानात सगळीकडे कांद्याची सालं होती. मुज्जू त्याच्याकडे बघून हसला. गुरुवारनंतर पहिल्यांदा.

लंकाबाईनं मुज्जूला ओट्यावर बसवलं, पायाखाली पोतं सरकवलं, आणि गुडघ्यावरची ऑपरेशनची खूण बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. आप्पांनी मुलीला फोन लावून दिला. हर्षालीनं मुज्जूला बारीकसारीक विचारलं, दुखतं कुठं, जिना चढताना की उतरताना, सूज राहते का. मुज्जूही तिला नीट सांगत होता. हे सगळं सोमनाथ पहिल्यांदाच ऐकत होता. जिना उतरताना त्याला कठडा धरावा लागतो, हेही.

मुज्जूनं फोन आप्पांना परत दिला. आप्पा समोर उकिडवे बसले होते.

“तुला पायजे का ते यंत्र?” त्यांनी विचारलं. “ह्याचं सोड. तुला पायजे का?”

मुज्जूनं चाळीच्या आढ्याकडे बघितलं. मग अंगणात उभ्या केलेल्या आपल्या सायकलकडे. सोमनाथनं जमिनीकडे बघायचं ठरवलं होतं, आणि तो जमिनीकडेच बघत राहिला.

“एकदा बघतो आप्पा,” मुज्जू म्हणाला. “आवडलं नाही तर परत टांगून जातो.”

सायकल खाली घेतली. नऊचा डिरेलर निघाला, धुळीनं माखलेला, पण आतून शाबूत. लंकाबाईनं रॉकेलची बाटली आणि जुना दात घासायचा ब्रश आणून दिला. सोमनाथनं तो घासला, तेल दिलं, मुज्जूच्या सायकलला बसवला, तार ओढून घट्ट केली. या वेळी तो बोलला नाही. खटका त्यानं मुज्जूला दाबायला लावला आणि चाक आपण फिरवलं. एक खटका, एक चकती. पुढचा खटका, पुढची चकती. चेन अशी चढत गेली, जशी जिन्यावरून मांजर जाते. चौतीसवर जाऊन थांबली आणि कुरकुरलीसुद्धा नाही. मुज्जूनं ती खाली आणली, पुन्हा वर नेली. मग उगाचच पुन्हा एकदा.

राहिली हर्षालीची अट. तिची सायकल लंगडी ठेवायची नव्हती. सोमनाथनं तो दहाचा नवाकोरा डिरेलर तिला लावला. गिअर बदलायच्या कामाचा तो नव्हताच, तारही जोडली नाही. नुसती चेन ताणून धरायला उपयोगी पडला. पण तारेशिवाय डिरेलर लहान चकत्यांकडेच पडून राहतो, आणि पुढचा गिअर तर कधीचा मोठ्या चकतीवर गंजून अडकलेला. म्हणजे ती सायकल एकाच गिअरवर चालणार होती. जड गिअरवर. तिच्यासाठी नऊचा मागवून आपण स्वतः येऊन बसवू, असं त्यानं आप्पांना सांगितलं.

आता घाटात बघायचं ठरलं. मुज्जूला सोबत हवी, रस्ता ट्रकांचा. आप्पांची मोटरसायकल पुतण्या बाजारात घेऊन गेलेला. मुज्जूनं हर्षालीच्या सायकलकडे बोट दाखवलं आणि सोमनाथकडे बघितलं. चेहरा एकदम सरळ.

“चल की डॉक्टर,” तो म्हणाला.

घाट उतरताना काही कळलं नाही. खाली वळले आणि चढ सुरू झाला. मुज्जूनं खटके दाबले, चेन चौतीसवर गेली, आणि तो खुर्चीवर बसल्यासारखा बसून पाय फिरवायला लागला. वेग काहीच नव्हता. कांद्याचे ट्रॅक्टर त्याला मागे टाकून जात होते. पण पाय थांबत नव्हते, आणि खांदे हलत नव्हते.

सोमनाथनं पहिल्या वळणापर्यंत दम धरला. ती सायकल म्हणजे लोखंडाचा गठ्ठा, टायर रुंद, हवा कमी, आणि गिअर असा, की प्रत्येक पावलाला उभं राहून अख्खं अंग टाकावं लागत होतं. दुसऱ्या वळणाला मुज्जू पुढे गेला. सोमनाथला ओरडून थांब म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं. मांड्या पेटल्या होत्या, डोळ्यांत घाम जात होता. मागून एका ट्रकच्या क्लीनरनं काहीतरी टोमणा मारला. सोमनाथ उतरला आणि सायकल ढकलायला लागला.

ढकलताना त्याला वरचं वळण दिसत होतं आणि तिथे एक माणूस उभा राहिलेला. त्या माणसाकडे बघत चालणं हे चढापेक्षा वाईट होतं. आपण किती हळू आहोत ते त्याला दिसतंय. आपल्यामुळे तो थांबलाय. आपण पोचलो की तो निघणार. सोमनाथनं नजर डांबरावर ठेवली आणि पांढऱ्या पट्ट्या बघत चालत राहिला.

वर पोचला तेव्हा मुज्जूच्या हातात मोबाईल होता. व्हिडिओ काढत होता.

“कमॉन सोम्या,” तो म्हणाला. “थोडंच राहिलं.”

सोमनाथनं सायकल कठड्याला टेकवली आणि धपकन खाली बसला. बोलायला श्वास नव्हता. आता हा चल निघू म्हणेल, असं त्याला वाटलं.

मुज्जू काही म्हणाला नाही. मोबाईल खिशात टाकला, बाटली सोमनाथच्या हातात दिली आणि उजवा पाय लांब करून शेजारी बसला. खाली उमराण्याकडचा सगळा रस्ता दिसत होता, ट्रक मुंग्यांसारखे. मुज्जू दोन्ही हात मागे टेकून ते बघत बसला. सोमनाथचा श्वास जागेवर आला, तरी मुज्जू उठला नाही. बराच वेळ उठला नाही.

“दुखतंय का?” सोमनाथनं विचारलं.

“थोडं. व्यायामाला दुखतं तेवढंच.” मग म्हणाला, “इथून एवढं दिसतं, मला माहीतच नव्हतं.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. इंदिरानगरचा पोरगा. उद्या किती वाजता येऊ, विचारत होता. मुज्जूनं त्याला एक मिनिट थांबायला सांगितलं आणि फोन छातीशी दाबून धरला. सोमनाथकडे बघितलं. हसत नव्हता.

“डिरेलर झकास आहे,” तो म्हणाला. “पण डिरेलरमुळे नाही ठेवणार मी सायकल. बोल.”

सोमनाथला भारी भारी बोलता येत नाही. त्यानं कॉलरमधून कांद्याचं एक साल काढलं, ते बोटांत चुरगळलं, आणि सुचलं तसं बोलला.

“यापुढे कुठल्याच चढाला मी तुझ्या पुढे जाणार नाही मुज्जू. मागे राहीन. वर तू पहिला पोचायचं, आणि तू उठेपर्यंत मी निघू म्हणणार नाही. शब्द देतो.”